उंदराच्या कानाएवढा होस्टा: सावलीच्या वाफ्यातील लागवड आणि निगा

अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात उन्हाची जागा सहसा रिकामी राहत नाही. मे महिना अर्धा सरला की तेथे टोमॅटो, मिरची, मेथी आणि दुधीचा वेल हजर होतात, आणि थंडीभर घरात सांभाळलेली तुळस व कढीपत्त्याची कुंडीही तेथेच येऊन बसते. अडचण असते ती घराच्या उत्तरेकडील भिंतीलगतच्या पट्टीची, जेथे हिरवळीचे बी तीनदा पेरले तरी शेवटी शेवाळच हाती लागते. मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरी अशी चार फूट रुंद आणि वीस फूट लांब पट्टी आहे. उन्हाळ्यात तेथे सकाळी दीड तास तिरपे ऊन येते आणि नंतर दिवसभर उजेड असतो, ऊन नसते. या पट्टीत आज होस्टाच्या छोट्या जातींचे चौदा गड्डे आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे पान माझ्या मधल्या बोटाहून लांब नाही.

होस्टा ही मूळची जपान, कोरिया आणि चीनमधील बहुवर्षायु वनस्पती आहे. 1812 मध्ये ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस थोमास होस्ट यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. जपानी लोक तिला गिबोशी म्हणतात. जुन्या लाकडी पुलांच्या कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराचा जो कळस बसवतात त्याचे नाव गिबोशी, आणि होस्टाचा फुलोरा उमलण्यापूर्वी हुबेहूब तसाच दिसतो. दर वर्षी थंडीत जमिनीवरचा सगळा भाग मरून जातो, गड्डा जमिनीखाली झोपी जातो आणि वसंतात त्याच गड्ड्यातून नवे कोंब वर येतात. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात उगवणारा आणि पुढे आठ महिने जमिनीत दडून राहणारा चवर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. फरक इतकाच की चवर कोरड्या ऋतूत झोपतो आणि होस्टा गोठलेल्या.

या झाडाबद्दल एक सल्ला सगळीकडे मिळतो: सावलीत कोठेही लावा, ते मरत नाही. दोन-तीन फूट पसरणाऱ्या मोठ्या जातींच्या बाबतीत हा सल्ला बव्हंशी खरा आहे, मात्र वीतभर उंचीच्या जातींना तो जसाच्या तसा लावला की झाडे हातची जातात. मी पहिल्या वर्षी ‘ब्ल्यू माउस इअर्स’ या जातीचे तीन गड्डे आमच्या तांबूस चिकणमातीत, फावड्याने खड्डा करून, मोठ्या होस्टाच्या रांगेत लावले. पुढच्या एप्रिलमध्ये शेजारचे मोठे होस्टे गावरान कोंबड्यासारखे मान ताठ करून वर आले आणि या तिघांचा पत्ताच नव्हता. एक गड्डा उकरून बोटाने दाबला, तर तो ओल्या साबणाच्या वडीसारखा हातात विरघळला. थंडीने गेला असावा असे तेव्हा वाटले होते, पण तो तर्क चुकीचा होता, कारण उणे 30 अंश सेल्सियसच्या हिवाळ्यातही ही जात तग धरते. झाडे मेली ती डिसेंबर ते मार्च या काळात गड्ड्याभोवती साचून राहिलेल्या पाण्याने. मोठ्या होस्टाची मुळे खोल आणि जाड असतात आणि गड्ड्याचा काही भाग कुजला तरी बाकीचा भाग झाडाला तारून नेतो, पण छोट्या होस्टाचा सगळा गड्डा अक्रोडाएवढा असल्यामुळे त्याच्याजवळ शिल्लक असे काही नसते. म्हणून पुढे जे काही सांगितले आहे त्यात सावलीपेक्षा निचऱ्याची चर्चा अधिक आहे.

जात निवडताना

सुरुवात ‘ब्ल्यू माउस इअर्स’ पासूनच करावी. सुमारे आठ इंच उंच, फूटभर रुंद, जाड, गोलसर, निळसर राखाडी पानांची ही जात ‘ब्ल्यू कॅडेट’ नावाच्या होस्टात आपोआप निर्माण झालेल्या बदलातून मिळाली आणि अमेरिकेतील होस्टा उत्पादकांच्या संघटनेने 2008 साठी तिला वर्षाचा होस्टा ठरवले. तिच्यापासून पुढे ‘माउस इअर्स’ कुळातील कितीतरी जाती निघाल्या, त्यांतल्या काहींच्या पानांना पिवळी किंवा पांढरी किनार असते. पाने जाड असल्यामुळे गोगलगाई तिच्याकडे तुलनेने कमी वळतात, आणि नवशिक्यासाठी हा गुण रंगापेक्षा मोलाचा आहे.

‘लेमन लाइम’ ही पोपटी-पिवळ्या पानांची जात लवकर वाढते आणि दोन-तीन वर्षांत चांगले बेट धरते. कोरियाच्या जेजू बेटावरची होस्टा व्हेनुस्टा ही मूळ रानटी प्रजाती साध्या हिरव्या रंगाची आहे, पण जमिनीखालून धावरे सोडत हळूहळू पसरते आणि दगडांच्या फटींत फार शोभते. याउलट ‘पँडोराज बॉक्स’ ही जात पाहताक्षणी मनात भरते, कारण तिच्या इवल्या पानाच्या मध्यभागी शुभ्र पट्टा आणि कडेला निळसर हिरवी किनार असते. परंतु पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे झाडाची कमाई अर्धीच राहते आणि वाढ अतिशय मंद असते. पहिल्या वर्षी हे झाड घेऊ नये. मी घेतले होते, आणि तीन वर्षांनंतरही ते एका चहाच्या बशीत मावत होते.

पानांच्या रंगावरून जागा ठरते. निळ्या पानांचा निळेपणा पानाच्या आत नसतो, तो पृष्ठभागावरच्या मेणाच्या थरामुळे दिसतो. द्राक्षाच्या मण्यावर जशी पांढुरकी झाक असते तशीच ही झाक आहे आणि बोट फिरवले की पुसली जाते. कडक ऊन, जोराचा पाऊस आणि वारंवार लागणारा हात यांनी हा थर झिजतो, म्हणून जूनमधले निळे झाड ऑगस्टअखेर हिरवे दिसू लागते. हा रोग नाही, आणि त्या वर्षी तो रंग परतही येत नाही. निळ्या जातींना म्हणून सर्वांत जास्त सावलीची जागा द्यावी. पिवळ्या जातींना सकाळचे दोन तास ऊन मिळाले तर रंग खुलतो, पूर्ण सावलीत त्या हिरवट पडतात. दुपारनंतरचे ऊन मात्र कोणत्याच छोट्या होस्टाला सोसत नाही, त्याने पानांच्या कडा जळतात.

या मेणामुळेच पानावर पडलेले पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन घरंगळते. माझी आई पहिल्यांदा येथे आली तेव्हा नळीने पाणी घालताना हे पाहून तिने विचारले होते, “हा अळूच ना गं? मग वड्या का करत नाहीस?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब उरुई या नावाने भाजी म्हणून खरोखर खातात. परंतु शोभेसाठी रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांवर कोणती औषधे मारलेली असतील ते आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा बागेतल्या गड्ड्याचे कोंब खाऊ नयेत. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर हेही लक्षात ठेवावे की होस्टातील सॅपोनिन या द्रव्यामुळे त्या प्राण्यांना उलट्या व जुलाब होतात.

विकत घेताना पान नीट निरखावे. होस्टा व्हायरस एक्स नावाचा विषाणू 1996 मध्ये मिनेसोटात प्रथम ओळखला गेला आणि त्याच्यावर आजही उपाय नाही. पिवळ्या किंवा फिक्या पानावर शिरांच्या बाजूने टीपकागदावर पसरलेल्या शाईसारखे गडद हिरवे डाग दिसले, किंवा पानाचा काही भाग खोलगट आणि सुरकुतलेला वाटला, तर ते झाड स्वस्तात मिळत असले तरी सोडून द्यावे. हा विषाणू झाडाच्या रसातून पसरतो, म्हणजे एका झाडाला लावलेली कात्री दुसऱ्याला लावली की काम झाले. याच कारणासाठी एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री व चाकू दर वेळी साबणाने स्वच्छ धुण्याची सवय लावून घ्यावी. त्यानंतर कुंडीतून मातीचा गोळा हलकेच बाहेर काढून मुळे पाहावीत; ती पांढरी आणि टणक हवीत. टपालाने येणारी बोटभर पेल्यातली रोपे थेट वाफ्यात न लावता एक हंगाम चार इंची कुंडीत वाढवून मगच जमिनीत न्यावीत, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात ती नाहीशी होतात.

निचरा, निचरा आणि मेपलची मुळे

जागा ठरवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला निदान इंचभर उतरले तर माती चालण्याजोगी आहे. चार-पाच तासांनी खड्ड्यात पाणी जवळजवळ तसेच उभे दिसले, तर तेथे जमिनीत छोटा होस्टा लावण्याचा विचार सोडून द्यावा. ही परीक्षा मार्चमध्ये, जमीन नुकतीच वितळलेली असताना केल्यास खरे उत्तर मिळते, कारण झाडाला जो काळ जड जातो तो हाच. ऑगस्टमधल्या भेगाळलेल्या जमिनीत कोठेही पाणी जिरते आणि माणूस फसतो.

चिकणमातीत वाळू मिसळून निचरा वाढवावा असे पुष्कळ जण सांगतात. थोडी वाळू मिसळल्याने चिकणमाती विटेसारखी घट्ट होण्यापलीकडे काही साधत नाही. त्याऐवजी वाफाच उंच करावा. आम्ही भिंतीपासून फूटभर अंतर सोडून, ओबडधोबड दगडांची आठ इंच उंचीची कड रचली आणि आतील मूळ माती खुरप्याने फक्त सैल केली. वर जे मिश्रण भरले त्यात बागेतली माती, चांगले कुजलेले पानांचे खत आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा हे तिन्ही समप्रमाणात होते. सालीचा चुरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो कुजायला वेळ लागतो आणि तोवर मातीत हवा खेळती राहते. मिश्रण मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर लाडू वळला गेला असेल आणि बोटाने टोचताच तो फुटत असेल तर मिश्रण जमले. फुटत नसेल तर आणखी चुरा घालावा. सामू, म्हणजे मातीचा पीएच, 6 ते 6.5 च्या दरम्यान असला की होस्टा सुखी असतो, आणि पानांच्या खताने तो बहुधा तेथेच राहतो, त्यामुळे चुना वगैरे घालण्याच्या फंदात पडू नये.

भिंतीलगत लावताना वर पाहण्यास विसरू नये. छपराच्या कडेला पन्हळ नसेल, किंवा पानांनी तुंबली असेल, तर पागोळ्या बरोबर ज्या रेषेवर पडतात ती रेष होस्टासाठी निषिद्ध आहे. थेंबांच्या माऱ्याने माती उडून पानांवर बसते, मेणाचा थर निघून जातो, आणि हिवाळ्यात छपरावरून सुटलेला बर्फाचा तुकडा गड्ड्यावर नेम धरल्यासारखा पडतो. आमच्या वाफ्यातील दोन गड्डे मला एवढ्यासाठी हातभर पुढे सरकवावे लागले.

झाडाखाली लावायचे असेल तर ते झाड कोणते, हा प्रश्न सावलीच्या दाटपणाइतकाच महत्त्वाचा आहे. ओकची मुळे बरीच खोल जातात आणि त्याच्याखाली होस्टा सुखाने नांदतो. सिल्व्हर मेपल आणि नॉर्वे मेपल यांची बारीक मुळे मात्र अगदी वरच्या थरात जाळे विणतात, आणि आपण खत घालून तयार केलेली भुसभुशीत माती त्यांना आमंत्रणच वाटते. मेपलखाली नव्या मातीत लावलेला होस्टा पहिल्या वर्षी डवरतो, दुसऱ्या वर्षी तेवढाच राहतो आणि तिसऱ्या वर्षी लहान होतो. खणून पाहावे तर गड्ड्याभोवती मेपलच्या केसासारख्या मुळांची घट्ट चुंबळ झालेली असते. मेपलच्या बुंध्याभोवती मातीचा ढीग रचणे हाही उपाय नव्हे, कारण मुळे गुदमरून झाडच आजारी पडते. अशा ठिकाणी छोटा होस्टा कुंडीत लावून ती कुंडी विटेवर ठेवावी. वाफ्यापेक्षा कुंडी कमी दर्जाची असे मुळीच नाही, उलट हे एवढेसे झाड कंबरेच्या उंचीवर आले की पहिल्यांदा नीट दिसते.

लावणी

शेवटचे गोठवणारे दव पडून गेल्यानंतरचा काळ, म्हणजे आमच्याकडे एप्रिलअखेर ते मेअखेर, लावणीसाठी सर्वांत चांगला. दुसरा मुहूर्त सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा. जमीन गोठण्यापूर्वी मुळांना रुजायला किमान सहा आठवडे मिळाले पाहिजेत, म्हणून ऑक्टोबरमधल्या सवलतीच्या विक्रीत घेतलेली छोटी झाडे मी जमिनीत न लावता कुंडीतच ठेवते.

रोपवाटिकेतील झाड बहुधा पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, मिश्रणात वाढवलेले असते. तो गोळा तसाच वाफ्यात बसवला तर भोवतालची माती एका चालीने सुकते आणि गोळा दुसऱ्या, आणि गोळा एकदा ठणठणीत सुकला की पुन्हा पाणी शोषून घेत नाही. म्हणून गोळा अर्धा तास बादलीभर पाण्यात भिजत ठेवावा, बोटांनी मुळे हळूहळू सोडवावीत आणि पीट जवळजवळ सगळे धुऊन काढावे. गोल गोल फिरलेली मुळे सरळ करावीत, सरळ होत नसतील ती कापावीत. खड्डा मुळांच्या लांबीपेक्षा थोडा जास्त रुंद करून मधोमध मातीची लहानशी उतरंड करावी, तिच्यावर गड्डा बसवून मुळे चारी बाजूंना सोडावीत आणि माती लोटावी. गड्ड्याचा माथा, म्हणजे जेथून कोंब फुटतात ती जागा, मातीच्या पातळीबरोबर किंवा नखभर वर राहिली पाहिजे. माती नंतर बसते, त्यामुळे आज बरोबर दिसणारा माथा महिन्याभराने खाली गेलेला असतो. दोन झाडांत फूटभर अंतर ठेवावे. पहिल्या दोन वर्षी वाफा उघडा-बोडका दिसेल, तो तसा दिसू द्यावा.

आच्छादनासाठी बाजारात मिळणारे लाकडाचे जाड तुकडे येथे उपयोगाचे नाहीत, कारण एकेक तुकडा पानाएवढा असतो आणि त्याच्याखाली कोंब वाकडे होतात. पाइनच्या सालीचा तोच बारीक चुरा पाऊण इंच जाडीचा पसरावा आणि गड्ड्याच्या भोवती बोटभर जागा मोकळी सोडून तेथे बारीक खडी घालावी. खडीमुळे माथा कोरडा राहतो आणि पावसाने चिखल उडत नाही. झाडाच्या नावाची पट्टी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई एका हिवाळ्यात उडते आणि पुढच्या वर्षी सगळे उंदीर सारखेच दिसतात.

सोबतीला काय लावायचे ते उंचीवरून ठरवावे. जपानी रंगीत नेचा, एपिमीडियम, छोट्या जातीचे अ‍ॅस्टिल्बी ही झाडे मागच्या बाजूला चांगली दिसतात, आणि होस्टाचे कोंब वर येण्याआधी स्नोड्रॉप व क्रोकस यांची फुले त्याच जागी येऊन जातात. व्हिन्का किंवा पॅकिसँड्रा यांसारखे जमीन झाकत पसरणारी झाडे मात्र त्याच वाफ्यात कदापि लावू नयेत, दोन वर्षांत छोटा होस्टा त्यांच्याखाली गडप होतो.

पाणी आणि खत

निचऱ्यावर इतके बोलून झाल्यावर पाण्याचा आग्रह धरणे विसंगत वाटेल, पण वाढीच्या काळात होस्टा पाण्याला हावराच असतो. मे ते सप्टेंबर आठवड्याला इंचभर पाणी त्याला मिळाले पाहिजे, मग ते पावसाचे असो वा नळीचे. दह्याचा रिकामा, सरळ बाजूंचा डबा वाफ्यात ठेवला की किती पडले ते समजते. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घालावे, कारण संध्याकाळी ओली झालेली पाने म्हणजे गोगलगाईंना पायघड्या. कुंडीतील झाडाला जुलैमध्ये रोजही पाणी लागू शकते.

खताचे फारसे कौतुक करू नये. एप्रिलमध्ये कोंब दोन इंच झाले की सावकाश विरघळणारे संतुलित खत, पिशवीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे, मातीत मिसळावे. जुलैच्या मध्यानंतर काहीही देऊ नये. नत्र जास्त झाले की पाने मऊ आणि मोठी होतात, आणि मुळात लहान राहावे म्हणून आणलेल्या झाडाला मोठे करण्यात अर्थ नाही.

खाणारे आणि कुजवणारे

बिनशंखाच्या गोगलगाई या होस्टाच्या खऱ्या शत्रू. पानावर कडेपासून दूर, मधोमध गुळगुळीत भोके आणि सकाळी वाळलेल्या चिकाची चकाकती रेघ दिसली तर दुसरा संशय घेऊ नये. छोट्या होस्टाचे नुकसान पान उलगडण्यापूर्वीच होते, कारण गुंडाळलेल्या कोंबाला पडलेले एक भोक उलगडल्यावर चार ठिकाणी दिसते आणि वर्षभर तसेच राहते. म्हणून बंदोबस्त कोंब अर्धा इंच असतानाच सुरू करावा. लोहाच्या फॉस्फेटच्या गोळ्या अगदी विरळ, चौरस फुटाला चार-पाच, अशा टाकाव्यात. मेटाल्डिहाइड असलेल्या गोळ्या वापरू नयेत. त्या कुत्र्यांना घातक आहेत, आणि ग्रेट ब्रिटनमध्ये बागेत व शेतात त्यांच्या वापरावर 2022 पासून बंदी आहे. वाटीभर बिअर मातीच्या पातळीला पुरून ठेवण्याचा उपाय चालतो, परंतु सकाळी ती वाटी रिकामी करण्याचे काम घरात कोणी आनंदाने करत नाही. मला सर्वांत फळलेला उपाय म्हणजे पावसाळी रात्री दहा वाजता विजेरी आणि चिमटा घेऊन बाहेर जाणे.

हरणे होस्टाला कोशिंबिरीसारखी खातात आणि फक्त देठ ठेवून जातात. न्यू जर्सीत त्यांचा वावर इतका आहे की कुंपण नसलेल्या बागेत अंड्याचा वास असलेला फवारा पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर मारण्याला पर्याय नाही. झाड सकाळी आडवे पडलेले आढळले आणि उचलताच मुळांशिवाय हातात आले, तर ते काम व्होल या उंदरासारख्या प्राण्याचे असते. वाफा भरण्यापूर्वी तळाशी पाव इंच छिद्रांची लोखंडी जाळी अंथरणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज आहे, आणि नंतर ती घालता येत नाही.

उष्ण, दमट जुलैमध्ये बाहेरची पाने एकाएकी पिवळी पडून लोळू लागली, तर देठाच्या तळाशी वाकून पाहावे. पांढरी बुरशी आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्यांसारखे तांबूस गोळे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी होय. गड्डा भोवतालच्या ओंजळभर मातीसह काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकावा, खताच्या ढिगात टाकू नये. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दोन शिरांमध्ये तपकिरी, सरळ पट्टे उमटणे ही पानांतील सूत्रकृमींची, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींची, खूण आहे. अशा झाडालाही निरोपच द्यावा.

हिवाळा

ऑक्टोबरअखेर पाने पिवळी पडून जमिनीवर लोळतात. ती कापून बाहेर टाकावीत, कारण गोगलगाईंची अंडी आणि सूत्रकृमी त्यांच्याखालीच थंडी काढतात. ओक आणि मेपलची मोठी पाने वाफ्यावर साचू देऊ नयेत. पावसाने ती एकमेकांना चिकटून भिजलेल्या पापडांसारखा थर होतो आणि त्याच्याखाली छोटा गड्डा कुजतो.

खरी काळजी थंडीच्या चढउताराची असते. रात्री जमीन गोठते, दुपारी वितळते, पुन्हा गोठते, आणि या उघडझापेत माती फुगून लहान गड्डे हळूहळू वर ढकलले जातात. फेब्रुवारीत कधी कधी माझा एखादा ‘माउस इअर्स’ मुळे उघडी टाकून मातीवर बसलेला आढळतो. तो हाताने हलकेच दाबून परत बसवावा, पाय देऊन नव्हे. हा प्रकार टाळायचा तर जमीन एकदा पक्की गोठल्यानंतर, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी, वाफ्यावर पाइनच्या सुयांचा दोन इंची थर द्यावा आणि मार्चच्या मध्यावर काढावा. नोव्हेंबरमध्येच घाईने पांघरूण घातले तर व्होलना ते घर वाटते. कुंड्या तापमान नियंत्रित नसलेल्या गॅरेजमध्ये, भिंतीशी, आडव्या करून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पेलाभर पाणी द्यावे. ऊबदार घरात आणू नयेत.

घरात आणू नये याचे कारण असे की होस्टाला झोप हवीच असते. सुमारे सहा आठवडे 5 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखाली गेल्याशिवाय त्याचे पुढच्या वर्षीचे कोंब जोमाने फुटत नाहीत. उन्हाळ्यात भारतातून आलेले नातेवाईक दर वर्षी एखादा गड्डा मागतात. पुण्यात काय, महाबळेश्वरातही एवढी सलग थंडी पडत नाही, त्यामुळे तेथे झाड एक-दोन वर्षे क्षीण होत जाऊन संपते. शिवाय आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांच्याशिवाय रोप सामानातून नेणे बेकायदा आहे. हिमाचल वा काश्मीरमधील थंड गावांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रातील सावलीच्या अंगणाला कॅलेडियम किंवा नेचे अधिक मानवतील, असे मी सांगते, आणि फोटो घेऊन त्यांची बोळवण करते.

एप्रिलच्या मध्यात कोंब उलगडू लागलेले असताना रात्री पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज असेल, तर संध्याकाळी प्रत्येक गड्ड्यावर एकेक रिकामी कुंडी पालथी घालावी आणि सकाळी काढावी. छोट्या जातींचा हा एक फायदा आहे, मोठ्या होस्टावर घालायला एवढी मोठी कुंडी कोण आणणार?

गड्डे वेगळे करणे

मोठा होस्टा फावड्याने मधोमध तोडला तरी दोन्ही भाग जगतात. छोट्याला चार-पाच वर्षे हातच लावू नये. बेट मधून विरळ दिसू लागले किंवा शेजारच्या झाडाला टेकले की मगच, एप्रिलमध्ये कोंब बोटभर असताना किंवा ऑगस्टच्या अखेरीस, गड्डा पूर्ण उकरून बादलीत धुऊन घ्यावा. माती गेल्यावर कोंबांचे डोळे आणि त्यांच्यामधील नैसर्गिक सांधे स्पष्ट दिसतात. जेथे हाताने सुटते तेथे हातानेच सोडवावे, जेथे सुटत नाही तेथे धुतलेल्या धारदार चाकूने कापावे, आणि प्रत्येक भागात किमान तीन डोळे व त्यांची स्वतःची मुळे येतील असे पाहावे. एकेका डोळ्याचे तुकडे केले तर ते पुन्हा रूपाला यायला तीन वर्षे घेतात. रंगीत किनारीच्या जातीत एखादा कोंब पूर्ण हिरवा निघालेला असेल तर तो याच वेळी वेगळा काढून दुसरीकडे लावावा, कारण हिरवा कोंब जोमदार असतो आणि काही वर्षांत किनारीच्या कोंबांना दाबून टाकतो. बियांपासून रोपे करण्याची हौस असेल तर जरूर करावी, मात्र बहुतेक जातींच्या बियांतून आईसारखे रोप निघत नाही. कापलेले भाग तासभर सावलीत सुकू द्यावेत, पूर्वीच्याच खोलीवर लावावेत, आणि पुढचे तीन आठवडे त्या जागेची माती बोटाला ओलसर लागेल इतपतच पाणी द्यावे.